नवी भिंत कशाची बांधायची?

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात, बिबवेवाडी येथे, बांधकाम अभ्यास गटाच्या वतीने केलेले भाषण)



सुरुवातीलाच सांगतो, आम्ही व्याख्याते नाही. आम्ही पाचजण आहोत. दोघे गवंडी, एक सेंटरिंगवाला, एक निवृत्त साईट सुपरवायझर आणि एक स्थापत्य डिप्लोमाची विद्यार्थिनी. समितीने आमच्यावर एक काम सोपवलं. विहाराची इमारत जुनी झाली, ती पाडून नवी बांधायची की आहे ती नीट करायची, आणि बांधायचीच तर कशाची, याचा अभ्यास करून या व्यासपीठावरून सांगा, असं ते काम. आज पाचही जणांच्या वतीने बोलतो आहोत, म्हणून 'आम्ही' म्हणतो. चूक झाली तर ती पाचही जणांची.

अभ्यास म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो. पण विचार करा, बांधकामाचा अभ्यास आपल्याइतका कोणाचा आहे? या टेकडीच्या उतारावर, कोंढव्यात, कात्रजला, धनकवडीला ज्या इमारती उभ्या आहेत, त्यांच्या विटा आपल्या आयाबहिणींनी डोक्यावरून चढवल्या. स्लॅब भरला तो आपण. आणि स्लॅब भरून संध्याकाळी घरी आलो ते पत्र्याखाली. एप्रिल-मे महिन्यात दुपारी त्या पत्र्याखाली तान्हं मूल झोपवणं काय असतं, ते इथल्या प्रत्येक आईला विचारा. म्हणून हा विषय आमच्यासाठी पुस्तकी नाही. लोक म्हणतात, पृथ्वी तापते आहे. आपल्या घरात ती आधीच तापलेली आहे.

पावसाचंही तेच. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र कोण विसरेल? आंबिल ओढ्याला लोंढा आला आणि कात्रजपासून अरण्येश्वर, सहकारनगरपर्यंत माणसं, गाड्या, भिंती वाहून गेल्या. पुणे परिसरात वीसहून अधिक जीव गेले. एका रात्रीच्या पावसाचं कारण एकच असतं असं नाही. ओढ्याची वाट अडवली, हेही कारण आहेच. पण हवेतली उष्णता वाढली की असा एकदम कोसळणारा पाऊस वाढतो, असं हवामानाचे जाणकार सांगतात. आणि लोंढा आला की पहिली भिंत कोणाची पडते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आता मुद्द्याकडे येतो. विहारात बोलतो आहोत म्हणून आधी विनयपिटकातल्या दोन गोष्टी सांगतो. त्या आम्हाला भन्तेजींनीच सांगितल्या. ऐकल्यावर आमच्यातला थोरला गवंडी म्हणाला, "अहो, हे तर आपल्याच धंद्याचं आहे!"

पहिली गोष्ट धनिय नावाच्या भिक्खूची. हा कुंभाराचा मुलगा. राजगृहाजवळ गवताची कुटी बांधून राहायचा. भिक्षेला गेला की गवत-लाकूड वेचणाऱ्या बाया त्याची कुटी मोडून न्यायच्या. असं तीनदा झालं. मग त्याने ठरवलं, आपल्या अंगात कुंभाराची विद्या आहे. त्याने सगळी कुटी मातीची केली, भोवती गवत, काटक्या, शेण रचलं आणि अख्खी कुटी भाजून काढली. लालबुंद, देखणी, वाजवली तर घंटेसारखी वाजणारी. भगवंतांनी ती पाहिली आणि मोडून टाकायला सांगितली. का? तर ती भाजताना त्या आगीत किती जीव गेले असतील, याची या माणसाला दया कशी आली नाही, म्हणून.

बघा, कुटी मजबूत होती, सुंदर होती, कारागिरी अव्वल होती. दोष कुटीत नव्हता, भट्टीत होता. आज शास्त्रज्ञ जे म्हणतात ते हेच. भिंत किती सुंदर ते नंतर बघा, आधी ती भाजताना काय जळलं ते विचारा. गोष्ट इथे संपत नाही. कुटी मोडल्यावर धनियने लाकडाची कुटी बांधली, आणि त्यासाठी राजाने राखून ठेवलेलं लाकूड थाप मारून आणलं. त्यावरून चोरीबद्दलचा नियम झाला. म्हणजे एक सामान वाईट म्हणून सोडलं, तर दुसरं कुठून आणतो, हाही प्रश्न आलाच. हा दुसरा प्रश्न लोक विसरतात.

दुसरी गोष्ट आनंदाची. कौशांबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी त्याला पाचशे वस्त्रं दिली. राजाला वाटलं, इतकी वस्त्रं हा करणार काय? दुकान मांडणार? त्याने विचारलं. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरं जीर्ण झाली त्यांना देऊ. मग त्या जुन्या चीवरांचं काय? त्यांचे पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांचं? गादीच्या खोळी. त्या जुन्या झाल्या की जमिनीवर अंथरायला, मग पायपुसणी, मग फडकी. आणि शेवटी फडक्यांच्या चिंध्या झाल्या की त्या कुटून, चिखलात कालवून त्याचा गिलावा करू. राजा खूश झाला आणि आणखी पाचशे वस्त्रं दिली.

आमच्या गवंड्याला इथेच आपला धंदा दिसला. मातीच्या गिलाव्यात धागा घातला की तडा जात नाही. आपल्या गावाकडे भुसा, काड, शेण घालायचे ते त्यासाठीच. विनयात तर भिंतीला चुना धरत नसेल तर आधी तुसाचा चिखल लावा, असंही सांगितलेलं आहे. छपरं पाच प्रकारची सांगितली आहेत: वीट, दगड, चुना, गवत आणि पानं. म्हणजे एकच सामान सगळीकडे वापरा असं नाही. जिथे जे मिळतं ते वापरा.

आता आपल्या महाराष्ट्रातलं बघू. पुण्याहून लोकलने मळवलीला उतरलं की एका बाजूला कार्ले, दुसऱ्या बाजूला भाजे. कार्ल्याचं चैत्यगृह साधारण दोन हजार वर्षांचं. आत वर पाहा, छताच्या कमानीला लाकडी फासळ्या दिसतील. त्या मूळच्या आहेत. दोन हजार वर्षांचं लाकूड! का टिकलं? पाऊस लागत नाही, ऊन लागत नाही, आणि ते ओझं पेलत नाही. छत डोंगराचंच आहे. योग्य जागी ठेवलेलं साधं सामान किती टिकतं, याचा याहून मोठा दाखला आम्हाला माहीत नाही.

तिथल्या दाराशी लेख आहे. धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने, वेणुवासाच्या मुलाने, हे दार केलं, असा. सावकाराचं नाव आहे तसं सुताराचंही नाव आहे. जुन्नरच्या लेण्यांमध्ये धान्यवाल्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी दान दिल्याचा लेख आहे. बांबूकाम करणारे, काशाचं काम करणारे यांच्या श्रेणी लेखात आहेत. आज शहरातल्या कुठल्या टॉवरवर गवंड्याचं नाव कोरलेलं आहे? आणि पोढ्या पाहा. कान्हेरीला डोंगरावर पडलेलं पाणी चरांनी टाक्यांत आणलं आहे. टँकर नव्हता.

पण आज ज्या संशोधनाबद्दल सांगायचं आहे ते वेरूळचं आहे. अजिंठ्याची आणि वेरूळची चित्रं आपण पाहतो. दोन्हीकडे दगडावर मातीचा गिलावा आणि त्यावर चित्र. अजिंठ्याच्या गिलाव्याला किडीने फार खाल्लं. निदान पाव हिस्सा चित्रं त्यामुळे गेली, असा जाणकारांचा अंदाज आहे. वेरूळला मात्र किडीचा तसा उपद्रव नाही. का?

हे कोडं दोघांनी मिळून सोडवलं. एक राजदेव सिंग, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातले रसायनतज्ज्ञ. दुसरे औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. सरदेसाई. वेरूळच्या गिलाव्यातले तंतू काढून त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. मग जालन्याहून आणि दिल्लीच्या आसपासहून भांगेची ताजी झाडं आणून त्यांचे तंतू शेजारी ठेवून ताडले. जुळले! वेरूळच्या कारागिरांनी माती-चुन्यात भांगेच्या झाडाचे तंतू आणि भाग मिसळले होते. २०१६ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात हे छापून आलं. त्यांचं म्हणणं असं की या झाडामुळे गिलाव्याला कीड लागली नाही, ओल शोषली आणि सोडली गेली, तंतूंनी गिलावा धरून ठेवला. अजिंठ्याच्या गिलाव्यात हे झाड नव्हतं.

यात आम्हाला काय महत्त्वाचं वाटलं ते सांगतो. रसायनवाल्याने एकट्याने पाहिलं असतं तर 'कुठला तरी धागा' म्हणून सोडून दिलं असतं. वनस्पतीवाल्याच्या हातात गिलावा कधी आला नसता. दोघे एका टेबलाशी बसले म्हणून कळलं. आणि त्यांना जे कळलं ते तिसऱ्याला, त्या गिलावा करणाऱ्या कारागिराला, हजारावर वर्षांपूर्वीच माहीत होतं. त्याने ते कुठे लिहून ठेवलं नाही, किंवा लिहिलेलं आपल्यापर्यंत आलं नाही, म्हणून मध्ये सगळं विसरलं गेलं.

युरोपात आज भांगेच्या झाडाचा भुसा आणि चुना मिसळून भिंती करतात. झाड वाढताना हवेतला कार्बन घेतं आणि तो भिंतीत बंद होतो. भिंत हलकी असते, उष्णता अडवते. पण लगेच उत्साहाने कोणी गच्चीत भांग लावू नका, बरं का! १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा आहे. उत्तराखंडने नशा नसलेल्या वाणाच्या लागवडीला परवान्याने वाट करून दिली आहे, तशी सोय आपल्या वस्तीत नाही. आणि असली भिंत ओझं पेलत नाही, सांगाडा वेगळा लागतो. धडा भांगेचा नाही. धडा असा की आपल्याकडे जे तूस, भुसा, काड, चुना आहे, त्याचा विचार करा.

आता सिमेंट. हा शब्द ऐकल्यावर आपल्या माणसाचे डोळे चमकतात. सिमेंट कसं होतं? चुनखडी आणि माती भट्टीत साधारण १४५० अंशांपर्यंत भाजायची. जे गोळे निघतात त्याला क्लिंकर म्हणतात. ते दळून थोडं जिप्सम घातलं की सिमेंट. कोळसा जळतो त्याचा धूर होतोच. पण खरी गंमत दगडात आहे. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड वायू होऊन उडून जातो. म्हणजे भट्टी सूर्यावर चालवली तरी हा वायू निघणारच, कारण तो दगडाच्या पोटातलाच आहे. जगात माणूस जितका कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, त्यातला सुमारे ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटचा. आणि सिमेंट करण्यात चीनच्या खालोखाल भारताचा नंबर.

मग क्लिंकर कमी करा, हा पहिला उपाय. तो आपल्याला ठाऊक आहे. औष्णिक वीज केंद्राची राख घातलेलं पीपीसी सिमेंट आपण रोज वापरतो. त्यात ३५ टक्क्यांपर्यंत राख चालते. लोखंडाच्या भट्टीची मळी दळून घातलेलं स्लॅग सिमेंटही मिळतं. पण कोळसा कमी झाला की राखही कमी होणार, आणि मळी तर मुळातच सगळ्यांना पुरेल इतकी नाही.

इथे दुसरं संशोधन येतं, आणि तेही एकट्याचं नाही. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या प्राध्यापिका कॅरन स्क्रिव्हेनर, क्युबातले फर्नांडो मार्तिरेना, आपल्याकडे दिल्ली, मद्रास आणि मुंबईच्या आयआयटी आणि 'डेव्हलपमेंट अल्टरनेटिव्ज' या संस्थेची 'तारा' ही शाखा, अशा अनेकांनी मिळून एक सिमेंट सिद्ध केलं. त्याला एलसी-३ म्हणतात. त्यात क्लिंकर निम्मंच, सुमारे ५० टक्के. ३० टक्के भाजलेली चिकणमाती, १५ टक्के न भाजलेली चुनखडीची पूड, ५ टक्के जिप्सम. चिकणमाती ७०० ते ८५० अंशांवर भाजली तरी पुरते, आणि तिच्या पोटातून पाण्याची वाफ जाते, कार्बन नाही. त्यामुळे कार्बन सुमारे ३० ते ४० टक्के कमी होतो. चिनी मातीच्या खाणीत जी हलकी माती टाकून देतात, तीही चालते. झाशीला या सिमेंटचं एक नमुन्याचं घर बांधून पाहिलं. २०२३ साली भारतीय मानक ब्यूरोने त्याचं मानकही काढलं, आयएस १८१८९.

हे सांगितलं तेव्हा आमचा थोरला गवंडी हसला. म्हणाला, "यात नवं काय? आमचा आजा विटांची सुरखी चुन्यात दळायचा." बरोबर आहे! भाजलेली माती चुन्याशी मिळून दगडासारखी होते, हे चुन्याच्या घाणीवर राबलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. कुणी गूळ घालायचे, कुणी बेलफळ, कुणी हिरडा. शास्त्रज्ञांनी केलं ते हे की किती घालायची, किती भाजायची, वीस मजल्यांना चालेल का, लोखंड गंजेल का, हे मोजून सिद्ध केलं. आजाला मोजता आलं नाही, आणि मोजणाऱ्याला आजाचं नाव माहीत नाही. या दोघांची गाठ पडायला पाहिजे, हे आमचं मागणं आहे.

पण जुनं ते सगळं सोनं, असं म्हणणाऱ्यांनी ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवावी. किल्लारीचा भूकंप. लातूर-उस्मानाबादची ती घरं दगडाची होती, मातीत रचलेली, वर मातीचं जड धाबं. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांना बांधलेले नव्हते. भिंती फाकल्या, धाबी खाली आली आणि झोपलेली माणसं गेली, सुमारे दहा हजार. धाब्याचं घर उन्हाळ्यात थंड असतं, त्यात कार्बन जवळजवळ नाही. पण थंड घर माणसाच्या अंगावर पडणार असेल तर ते घर नव्हे. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड आणि चहूबाजूंनी फिरणारा एक पट्टा एवढं असतं तर पुष्कळ जीव वाचले असते. म्हणून आमचा पहिला नियम असा की आधी जीव, मग कार्बन.

आता मनातली अवघड गोष्ट बोलतो. आम्ही वस्तीत विचारत फिरलो तेव्हा एका आजीबाई म्हणाल्या, "लेकरांनो, मी जन्मभर मातीच्या भिंतीत राहिले. शेणाने सारवून सारवून हाताची सालं गेली. आता विहार तरी सिमेंटचा होऊ द्या की! आमच्याच वाट्याला माती का?"

आम्ही गप्प झालो. त्यांना चुकीचं म्हणायची आमची छाती झाली नाही. आपल्या बापजाद्यांना गावकुसाबाहेर माती मिळाली, वाड्यात चुना-दगड लागला. आपल्या माणसाने शहरात येऊन, पै-पै जोडून सिमेंटचं घर बांधलं, त्यात त्याचा मान आहे. त्याला कोणी येऊन म्हणावं, आता पृथ्वी तापली, तू मातीतच राहा, आणि म्हणणाऱ्याने काचेच्या टॉवरमध्ये एसी लावून बसावं, हे आम्हाला मान्य नाही. काटकसर सांगायचीच असेल तर ती जास्त वापरणाऱ्याला आधी सांगा.

चार रात्री यावर आमचा वाद झाला. त्यातून जे निघालं ते असं. मान सिमेंटमध्ये नाही, मान पक्क्या घरात आहे. गळत नाही, पडत नाही, उन्हाळ्यात राहवतं, त्याला आम्ही पक्कं म्हणतो. पत्रा आणि पातळ स्लॅब मे महिन्यात पक्का म्हणायचा का? आणि आजीबाईंना आम्ही शब्द दिला आहे की विहारात जिथे सिमेंट लागेल तिथे ते लागेलच, आणि चांगलं लागेल. फक्त जिथे नको तिथे ओतायचं नाही.

एक कबुलीही द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी विहाराच्या पाण्याच्या टाकीखालचा छोटा स्लॅब आम्हीच भरला होता. श्रमदानाने, मोठ्या उत्साहाने. माल सैल केला, कारण सैल माल लवकर पसरतो. पाणी मारलं तीन दिवस, चौथ्या दिवशी टँकर आला नाही आणि आम्हीही फिरकलो नाही. आज त्या स्लॅबला खालून तडे आहेत, लोखंड दिसतं. तो पाडावा लागेल, पुन्हा भरावा लागेल. म्हणजे सिमेंट दुप्पट, कार्बन दुप्पट, दान दुप्पट. मानकात साफ लिहिलं आहे की साध्या सिमेंटला निदान ७ दिवस आणि राख किंवा मळीच्या सिमेंटला निदान १० दिवस ओल राहिली पाहिजे. कोरड्या उन्हात ते १० आणि १४ दिवस. ओलं गोणपाट टाकून ठेवायला शास्त्रज्ञ लागत नाही. कार्बन कमी करायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे केलेलं काम टिकवणं. हा उपाय आमच्या हातात होता आणि आम्ही तो केला नाही. माफी मागतो.

आता आमच्या सूचना, क्रमाने.

एक. इमारत घाईने पाडू नये. आधी जाणकार अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी. तो म्हणाला भिंती आणि पाया ठीक, तर त्या ठेवाव्यात. जी भिंत उभी आहे तिचा धूर कधीच होऊन गेला आहे. ती पाडणं म्हणजे तो धूर वाया घालवणं. तो म्हणाला धोक्याची आहे, तर मात्र एक दिवसही भावनेत अडकू नये.

दोन. पाडावं लागलंच तर विटा, चौकटी, फरशा, लोखंड हाताने सोडवून घ्यावं. आनंदाच्या चीवरासारखं. साबूत वीट भिंतीत, अर्धी वीट भरावात, चुरा कोब्याखाली. महिला मंडळाने विटा साफ करायची तयारी दाखवली आहे, पण आमचं म्हणणं की त्या कामाची मजुरी द्यावी. श्रमदान बायकांनीच का करायचं?

तीन. खांब, तुळया, स्लॅब यांत काटकसर नको, तिथे अभियंता सांगेल तेच. पण सिमेंट राखेचं किंवा मळीचं घ्यावं. एलसी-३ दुकानात गोणीने मिळू लागलं आणि अभियंत्याने मान्य केलं, तर तेही घ्यावं. पाणी मारायची पाळी पोरांनी वाटून घ्यावी आणि रोज सही करावी.

चार. आतल्या भिंतींना सिमेंटऐवजी चुन्याचा गिलावा करावा. चुना भाजताना वायू निघतोच, हे खरं. पण भिंतीवर सुकताना तो हवेतला तोच वायू परत घेतो आणि दगड होतो. शिवाय चुन्याची भिंत ओल सोडते. एका भिंतीवर तूस घालून, एकीवर न घालता करून पाहू. वर्षभराने बघू, कुठे तडा जातो.

पाच. गच्ची पांढरी करावी. अहमदाबादने २०१३ साली उष्णतेचा आराखडा केला, पुढे गरिबांच्या छपरांना पांढरा रंग दिला. तेलंगणाने २०२३ साली थंड छपरांचं धोरण काढलं. आपण गेल्या उन्हाळ्यात विहाराच्या अर्ध्या गच्चीला चुन्याचे तीन हात दिले. दुपारी एका बाजूला अनवाणी उभं राहवत नव्हतं, दुसऱ्या बाजूला राहवत होतं. लहान मुलंच धावत धावत पांढऱ्या बाजूला यायची. तोच चुना वस्तीतल्या पत्र्यांना देता येईल. थर दर वर्षी द्यावा लागेल, पण खर्च थोडा आहे.

सहा. ही सगळी नोंद वहीत ठेवावी. काय घातलं, किती घातलं, केव्हा, कोणी. वेरूळच्या कारागिराची वही आपल्याकडे नाही, म्हणून दोन शास्त्रज्ञांना इतकी शोधाशोध करावी लागली. आपली वही असू द्या. पुण्यात अभियांत्रिकीची इतकी महाविद्यालयं आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांना बोलवू, त्यांची यंत्रं आणि आपले हात एका टेबलाशी बसवू. आमच्या गटातली मुलगी त्या कामाला लागली आहे.

आणि शेवटची सूचना. नव्या इमारतीच्या दाराशी देणगीदारांचा फलक लागणारच, लागावाही. पण कार्ल्याच्या सामी सुताराची आठवण ठेवून, त्याच फलकावर गवंडी, बिगारी, सेंटरिंगवाले, विटा वाहणाऱ्या बाया, पाणी मारणारी पोरं, या सगळ्यांची नावं कोरावीत. अक्षराचा आकार सारखाच ठेवावा.

आजीबाई पुढे बसल्या आहेत. आजी, गिलाव्याच्या पहिल्या दिवशी तुम्हाला बोलवणार आहोत. सारवायला नाही. माल बरोबर झाला की नाही, ते हातात घेऊन सांगायला. तुमच्या हातांना ते आमच्यापेक्षा जास्त कळतं.